धनुष्य मापाचं घेताना

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली आणि नांदेडजवळच्या आमच्या विष्णुपुरीतही तिरंदाजीची हवा आली. विद्यापीठ आणि इंजिनीअरिंग कॉलेजमुळे इथे नोकरदारांची वस्ती मोठी. त्यांतले पालक एकमेकांना विचारत माझ्यापर्यंत पोचतात, कारण कॉलनीमागच्या पडीक जागेत कडब्याच्या गंजीवर बाण मारणारा मास्तर म्हणून मी बऱ्यापैकी बदनाम आहे. ‘सर, तुमचं हे धनुष्य केवढ्याला पडलं?’ आकडा सांगितला की अर्धे चहा न घेता उठतात आणि उरलेले तसंच्या तसं मागवायला निघतात. मला काळजी वाटते ती या दुसऱ्यांची.

आधी एक घोळ मिटवू. अदिती-ओजसच्या हातातलं धनुष्य कंपाउंड. त्याला कप्प्या असतात, नेम धरायला भिंग असतं, दोरी सोडायलाही हातात वेगळं यंत्र असतं. त्याचा स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच दोन लाखांच्या पुढे सुरू होतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला ते रिकर्व्ह. तेही सामानसुमानासह लाखाच्या आत क्वचितच बसतं. मी बोलतोय ते यांच्या आजोबांबद्दल, म्हणजे बांबू-लाकडाच्या, बिनयंत्राच्या धनुष्याबद्दल. शालेय स्पर्धांत त्याचा इंडियन राउंड नावाचा प्रकार असतो आणि त्याला लागणारं धनुष्य काही हजारांत येतं. मुलाच्या दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडा गुणांसाठी ही खटपट चालली असेल, तर एखाद्या प्रशिक्षकाला गाठा, तो सांगेल ते साधं धनुष्य घ्या आणि हा लेख इथेच सोडा. नाहीतर परदेशी धाटणीचं, काचतंतूचा थर दिलेलं महागडं धनुष्य घेऊन जाल आणि तुमच्या खेळाच्या नियमात ते बसणारच नाही.

आता ज्यांना खरोखर आपल्या मापावर बनवून घेतलेलं धनुष्य हवंय त्यांच्यासाठी. परदेशातला नावाजलेला कारागीर सातशे-आठशे डॉलरपासून बोलायला सुरुवात करतो आणि हजार-दीड हजारांवर सहज नेतो. ते डॉलर रुपयांत मोजूनच माणूस थांबतो. पुढे सीमाशुल्क असतं आणि जीएसटी नुसत्या मालाच्या किमतीवर न लागता किंमत अधिक सीमाशुल्क यांच्या बेरजेवर लागतो. शिवाय लांबलचक पार्सलला कुरिअरवाले वजन न बघता आकारमान बघून पैसे लावतात. धनुष्य किलोभराचंही नसतं, पण साडेपाच फुटी खोक्याचं भाडं ऐकून घाम फुटतो. मुठीत जोड असलेलं, दोन तुकड्यांत सुटणारं धनुष्य घेतलं तर हा खर्च बराच आटोक्यात येतो. अखंड धनुष्याच्या रूपापायी कुणी आग्रह धरतं, त्यांच्या हौसेला माझा नमस्कार.

मी मात्र देशातल्याच एका कारागिराकडून घेतलं, अठरा हजारांना. नाव लिहीत नाही, कारण माणूस हाताचा चांगला आहे आणि तक्रार आहे ती त्याच्या बोलण्याच्या तऱ्हेबद्दल. बांबूची पाठ, धामणीचं पोट. पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. बांबू ताण सोसण्यात भारी आणि धामणीचं लाकूड चिवट, लवचीक. खांद्यावरच्या कावडीपासून काठीपर्यंत त्याचा जुना वापर आहे. माझी मागणी ३५ पौंडांची होती, माझ्या २७ इंची ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढताना लागणाऱ्या जोराची. निम्मे पैसे आगाऊ घेतले, कबूल मुदतीनंतर बऱ्याच महिन्यांनी पार्सल आलं. देखणं काम होतं. मुठीला चामडं, टोकांना शिंगाच्या खाचा. पण दहा-बारा बाणांत खांदा बोलायला लागला.

आमच्या घरी भाजीवाल्याकडे असतो तसला हूकवाला डिजिटल काटा आहे, गावी जाताना बॅगा तोलायला घेतलेला. त्याचा हूक दोरीच्या मध्यात अडकवला आणि मुठीजवळ पट्टी धरून २७ इंचांपर्यंत ओढलं. काटा साडेएकोणीस किलो दाखवत होता, म्हणजे ४३ पौंड. कारागिराला फोन केला तर म्हणाला, ‘वापरात उतरेल हो सर.’ लाकडी धनुष्य वापरात थोडं मऊ पडतं हे खरंच आहे. पण पौंड-दोन पौंड पडणं वेगळं आणि आठ पौंड पडणं वेगळं. परत पाठवा म्हणाला, जाण्या-येण्याचं भाडं तुमचं. बोलणी सुरू झाली तेव्हा ठरलं ते वजन किती ओढीला, फरक किती चालेल आणि चुकल्यास भाडं कुणाचं, हे लिहून कुठेच नव्हतं. चारच ओळींचा मेसेज असता तरी पुरला असता.

अखेर वजन उतरवायचं काम इथल्याच एका सुतारमामांनी केलं. बैलगाडीच्या जमान्यातले, हात अजून स्थिर. मी एवढंच सांगितलं की पाठीला, म्हणजे बांबूला, हत्यार लावायचं नाही. बांबूचा वरचा तंतू तुटला की धनुष्य तिथेच मोडतं. पोटाकडून लाकूड काढायचं, मुठीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांवरून सारखं. मामांनी रंधा बाजूला ठेवला आणि फुटक्या काचेचा तुकडा घेतला. काचेनं खरवडलं की पापडासारखी पातळ झिलपी निघते. चार हात मारायचे, दोरी चढवायची, वीसेक वेळा हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढायचं म्हणजे लाकूड नव्या आकाराला रुळतं, मग काटा लावायचा, मग भिंतीवर पेन्सिलीनं काढलेल्या रेघांसमोर धरून दोन्ही पाती सारखी वाकतात का बघायचं. खालचं पातं ताठ राहिलं तर तिथे आणखी दोन हात. दोन संध्याकाळी गेल्या. आठ पौंड उतरले आणि खाली पडलेला भुसा एका ओंजळीत मावला. मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘सर, एवढ्याशाचे काय पैसे घ्यायचे? हे तर लई कमी निघू लालंय.’

पैसे त्या ओंजळभर भुशाचेच असतात. बांबू आणि लाकूड मिळून फार तर हजार-दीड हजारांचं. चामडं, शिंग, नक्षी, रंग हे दिसायला. अठरा हजारांतला खरा ऐवज म्हणजे दोन पाती टोकापासून मुठीपर्यंत एका लयीत वाकवण्याचं काम. कारागीर त्याला टिलर करणं म्हणतात. ते साधलं नसेल तर बाण सुटताना मुठीत धक्का बसतो, एका पात्यावर जास्त भार येतो आणि धनुष्य तिथून बसत जातं. म्हणून घेण्याआधी फोटो मागा. दोरी चढवलेल्या अवस्थेतला एक आणि पूर्ण ओढीतला एक, दोन्ही बाजूंनी, सरळ कोनातून काढलेले. एखादी जागा बिजागरीसारखी मोडलेली किंवा एक पातं जास्त गोल दिसलं तर विचारा. बरेच कारागीर मुठीच्या नक्षीचे सहा फोटो पाठवतात आणि हे दोन पाठवत नाहीत. त्यातून काय समजायचं ते समजा.

दुसरी बाब ओढीची, आणि इथे आपल्याकडचे सर्वाधिक पैसे वाया जातात. धनुष्यावर लिहिलेले पौंड प्रघाताप्रमाणे २८ इंच ओढीला मोजलेले असतात. आपली ओढ काढायची सोपी रीत म्हणजे दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाची ओढ साधारण २६ येते. शेवटच्या इंचांत दर इंचाला दोन-अडीच पौंडांचा फरक पडतो, म्हणजे ४५चं म्हणून घेतलेलं धनुष्य त्याच्या हातात ४०चंच राहतं. उलट लांब हाताच्या पोरानं २८च्या हिशेबानं घेतलेलं लाकडी धनुष्य ३० इंच ओढलं तर ते तडकूही शकतं. तुमची ओढ पक्की व्हायला सहा-आठ महिने जातात. नवशिक्याचा खांदा आखडलेला असतो, तो सुटला की ओढ इंचभर वाढते. त्यामुळे मापावरचं धनुष्य पहिलं धनुष्य म्हणून घेऊच नये. स्वस्त बांबूचं, २५-३० पौंडांचं आधी घ्यावं, त्यावर माप ठरू द्यावं. पौंडांची मर्दुमकी नको. जड धनुष्य घेतलेला माणूस नेम शिकत नाही, थरथर लपवायला शिकतो.

बाणांचा हिशेब तर कुणी धरतच नाही. बाणाची काडी किती ताठ असावी हे धनुष्याच्या ताकदीवर ठरतं. जास्त ताठ किंवा जास्त मऊ काडी सारखी एका बाजूला जाते आणि माणूस आपल्या नेमाला दोष देत बसतो. एकसारख्या वजनाच्या, एकसारख्या ताठपणाच्या डझनभर काड्या मिळवणं हे धनुष्याइतकंच निगुतीचं काम आहे. धनुष्याच्या पैशांतून पाचवा हिस्सा बाणांसाठी बाजूला काढून मगच कारागिराशी बोला.

नांदेडमध्ये धनुष्याचं नाव निघालं की कुणीतरी हजूरसाहिबचा विषय काढतंच, आणि तो काढायलाही हवा. गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जपून ठेवलेली आहेत, त्यांत धनुष्यबाणही आहेत. गुरूंच्या बाणांच्या टोकाला सोनं असायचं, म्हणजे त्या बाणानं जखमी झालेल्याच्या औषधपाण्याला किंवा मेलेल्याच्या अंत्यसंस्काराला ते कामी यावं, अशी परंपरा सांगितली जाते. हे पाहून-ऐकून भारावलेल्या एका तरुणानं मला विचारलं की त्या काळच्या पद्धतीचं शिंगाचं धनुष्य मागवू का. मी म्हणालो, अजिबात नको. ते धनुष्य म्हणजे मध्ये लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं चिकटवणारा सरसही प्राणिज. वाळून तयार व्हायला वर्ष किंवा जास्त. ताकद अफाट, पण दमट हवेत सरस ढिला पडतो. मागे गोदावरीवर धरणाचं पाणी साचलेलं, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, अशा विष्णुपुरीत ते सांभाळायचं म्हणजे गरम, कोरड्या पेटीत ठेवणारं माणूस पाहिजे. या हवेपायीच हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली गेली. शिंगाच्या धनुष्याइतकी ती चपळ नसत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी वेळेला कामाला येत. लाख-दीड लाखाचं शिंगाचं धनुष्य आपल्याकडे बहुधा शोकेसमध्येच राहतं. शोभेसाठीच घ्यायचं असेल तर नुसती प्रतिकृती घ्यावी, तिचा खर्च किती तरी कमी.

जवळपास कुणाकडून करून घ्यायचं ठरवलंत तर बांबू आपल्याकडे आहेच. किनवट-माहूरच्या रानात भरीव मानवेल उगवतो, पण जंगलातला माल परवानगीशिवाय आणायचा नाही. शेतातल्या बांबूचं मात्र काम सोपं झालं. २०१७च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन कायद्यात झाड गणला जात नाही. बांबू तीन वर्षांपेक्षा जून असावा, पावसाळ्यानंतर तोडलेला असावा आणि सावलीत वाळवलेला असावा. कोवळा बांबू दिसायला तेवढाच चांगला असतो आणि दोन महिन्यांत वाकतो.

हातात आलेल्या धनुष्याची एक तपासणी कपाशीच्या मुलखातल्या माणसाला फार सोपी आहे. कापसाचं बोंड घ्या, सुटा पुंजका काढा आणि धनुष्याच्या पाठीवरून, कडांवरून हलक्या हातानं फिरवा. तंतू जिथे अडकला तिथे कूस उठलेली आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. अडकलेली जागा दोरीजवळ किंवा पात्याच्या मध्यात असेल तर दोरी चढवू नका, फोटो काढा आणि कारागिराला त्याच दिवशी पाठवा. उशीर केलात तर ते तुमच्या वापरानं झालं असंच ठरतं.

पुढची निगा बिनखर्चाची आहे. बाण मारून झाले की दोरी उतरवायची. दोरी चढवून भिंतीला टेकवून ठेवलेलं लाकडी धनुष्य आठवड्यात वाकडं बसतं. बाणाशिवाय ओढून कधी सोडायचं नाही, पाहुण्यांची पोरं नेमकं हेच करतात. मे महिन्यात इथे पारा ४२-४३वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. तिथे एक दुपार राहिलं की चिकटवलेले थर सुटतात. प्रवासात चार इंची पीव्हीसी पाइप शेतीच्या दुकानातून कापून घ्या, दोन्हीकडे टोप्या बसवा. ऐटदार परदेशी केसपेक्षा तो रेल्वेच्या बाकाखाली जास्त टिकतो.

आणि विकताना काय येतं हेही घेतानाच धरून चला. कंपाउंड किंवा रिकर्व्हचे भाग सुटे विकले जातात, कुणीतरी घेतंच. मापावरचं धनुष्य तुमच्या ओढीचं, तुमच्या पौंडांचं, तुमच्या हाताचं असतं. उजव्याचं डावखुऱ्याला चालत नाही. तशा मापाचं, तशाच आवडीचं गिऱ्हाईक नांदेड-लातूर-परभणीत मिळून सापडलं तर नशीब. माझ्या धनुष्याला कुणी पाच हजार दिले तर मी पेढे वाटीन. तेव्हा हा पैसा परत येणार नाही असं धरूनच तो काढायचा, आणि घरखर्चातून, हप्त्यावर किंवा भिशी उचलून मुळीच नाही. बनवायला सांगायचं झालं तर दिवाळीच्या सुमारास सांगा, थंडीत काम होतं, लाकूड कोरडं असतं आणि उन्हाळ्याच्या आत धनुष्य हातात येतं. आगाऊ रक्कम निम्मीच. उरलेली फोटो आणि काट्याचा आकडा आल्यावर.