बेथेलचे नारायण शेषाद्री

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना हे व्यापाराचे जुने गाव आहे. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या सत्तेखाली होता. या गावाजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वसाहत वसविली.

नारायणरावांचे शिक्षण मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत झाले. 1843 साली या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला; परंतु तो वयाने अज्ञान होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला.

मुलगा परत मिळाला, पण प्रश्न सुटला नाही. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. सबब तो जातीबाहेर झाला, असे सनातनी मंडळींचे म्हणणे पडले. अशा वेळी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला स्वजातीत घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला व त्यापायी लोकनिंदाही सोसली.

इकडे नारायणराव 1854 साली धर्मोपदेशक झाले. इंग्लंडच्या अँग्लिकन पंथात बिशप हा मोठा अधिकारी असतो. त्यांच्या स्कॉटिश पंथात मात्र ते पदच नसते. 1862 च्या सुमारास ते जालन्यास आले. त्या काळी मातंग आदी समाजांतील लोकांना गावकुसाबाहेर राहावे लागे. गावच्या पाणवठ्यावरही त्यांना मज्जाव असे. त्यांच्यापैकी ज्यांनी नवा धर्म स्वीकारला, त्यांना हक्काची जागा हवी होती. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी नारायणरावांना जमीन दिली आणि तीवर वसाहत उभी राहिली. ‘बेथेल’ हा बायबलातील हिब्रू शब्द असून ‘देवाचे घर’ असा त्याचा अर्थ आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या गावाला हे नाव मिळाले!

1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत नारायणरावांनी भाषण केले. 1891 साली समुद्रप्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

बालमित्रांनो, नारायणराव आणि बाळशास्त्री यांचे धर्म निराळे होते. एकाने बहिष्कृतांसाठी नवे गाव वसविले. दुसऱ्याने बहिष्कृत मुलासाठी जुने दार उघडावयास लावण्याचा यत्न केला. 1950 साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली व प्रत्येकास धर्मस्वातंत्र्य दिले. परंतु कायद्याने उघडलेले दार मनाने मिटून घेता येते. ते उघडे ठेवणे आपल्या हाती आहे.

स्वाध्याय
1. श्रीपत घरी परतल्यावरही प्रश्न का सुटला नाही?
2. ‘बेथेल’ हे नाव त्या वसाहतीस कसे शोभते?
3. ‘पाठीशी उभे राहणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.