क्योतोला नदीकाठी जेवायला जाताना

किर्लोस्करवाडीत जपानच्या एबाराशी भागीदारी करून पंपांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आपल्या भागाला जपानी पाहुणे नवे नाहीत. आता तू त्यांची पाहुणी होऊन निघालीस. ते तुला क्योतोत कामो नदीकाठी जेवायला नेणार म्हणतेस, तर मामाचे चार शब्द ऐकून जा.

जागा आधी धरायला सांग. मे ते ऑक्टोबर तिथली हॉटेलं नदीच्या अंगाला लाकडी माच बांधतात आणि पंगत त्यावर बसते. दुपारचं जेवण माचावर बहुतेक मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरातच मिळतं, मधल्या कडक उन्हाळ्यात संध्याकाळीच. आणि पाऊस आला तर आत जागा राखली आहे का, तेही विचारून ठेव. चपला काढून बसायची वेळ येते, तेव्हा मोजे फाटके नकोत.

‘मी शाकाहारी’ एवढ्यानं भागत नाही. त्यांच्या बहुतेक रश्शाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती समुद्री शेवाळ व सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांची. भाजीत मासा दिसला नाही तरी ती बहुधा त्याच पाण्यात शिजलेली असते. म्हणून ‘दाशीसुद्धा माशाची नको’ असं चार दिवस आधी कळव. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकी काही करू शकत नाही. नाहीतर शोजिन र्‍योरी मिळते का बघ. ते बौद्ध मठांतलं जेवण, मूळ रीतीनं केलं तर त्यात कांदा-लसूणही नसतो. आपल्या माळकऱ्यांनाही चालावं असं.

जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचू नकोस. तसा भात मृताच्या पुढ्यात ठेवतात. आपल्या काडीतला घास दुसऱ्याच्या काडीत देऊ नकोस. दहनानंतर अस्थी तशाच काड्यांनी उचलतात. कृष्णेच्या घाटावर दहाव्याचा पिंड पाहिलेल्या आणि सावडणं माहीत असलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

कैसेकी जेवण असेल तर एकेक वाटी, एकेक बशी सावकाश येईल. आपण वरणभातानं सुरुवात करतो, तिथं भात शेवटी येतो, सूप आणि लोणच्याबरोबर. तेव्हा भाताची वाट बघत पोट राखून बसू नकोस. तो आला म्हणजे जेवण आटोपत आलं, मागून फार तर फळ. वाटी हातात उचलून तोंडाला लावलीस तरी चालतं. सुरुवातीला दिलेला ओला रुमाल मात्र हातांसाठी, तोंड पुसायला नव्हे. बशीतली हिरवी गोळी म्हणजे झणझणीत वासाबी, ती चटणी समजून एकदम तोंडात टाकू नकोस.

आपला पेला आपण भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा. नको असेल तर आपला भरलेलाच ठेवायचा. तुला आग्रह मोडता येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हण, म्हणजे जेवणाबद्दल आभार. टीप ठेवू नकोस, पैसे विसरले समजून वाढणारी बाई तुझ्यामागे रस्त्यापर्यंत धावत येईल.