रिकामी टाकी, बंद गाडी आणि भाजलेले हात

गेल्या आठवड्यात आपण स्वयंपाकघरातील भाजण्याविषयी माहिती घेतली. त्यानंतर काही वाचकांनी गॅरेजमधील अपघातांवर लिहावे, असे सुचविले. सूचना योग्यच आहे. तालुक्याच्या गावी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेज, पंक्चरची दुकाने, बॅटरीवाले आणि वेल्डिंगवाले असतात. शिवाय हल्ली घरोघरी दुचाकी आहे, शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर आहे आणि किरकोळ दुरुस्ती आपण अंगणातच उरकतो.

अशा कामात भाजून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. ''डॉक्टर, टाकी तर रिकामी होती.'' नाहीतर, ''गाडी तर बंद होती.'' पेटलेला जाळ दिसला की माणूस आपोआप मागे सरकतो. घात करतात त्या रिकाम्या, बंद आणि शांत दिसणाऱ्या वस्तू. त्या कोणत्या, हे आज पाहू.

रिकामी टाकी

पेट्रोल जळते म्हणजे खरे तर त्याची वाफ जळते. उणे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट घेण्यापुरती वाफ पेट्रोलमधून निघते. मग आपल्याकडच्या वैशाखातील उन्हात किती निघत असेल, याची कल्पना करावी. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते आणि बऱ्याच अंतरावरच्या विडीपर्यंत किंवा स्टोव्हपर्यंत जाऊन पोचते.

टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवेला जागाच नसते. ओतून रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. हवेच्या शंभर भागांत वाफेचे साधारण दीड ते साडेसात भाग झाले की एक ठिणगी पुरते. डिझेलची टाकीही याला अपवाद नाही. थंड डिझेल सहज पेटत नाही. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने तळाशी चिकटलेल्या डिझेलची वाफ होते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकी पाण्याने विसळली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पेट्रोल आणि डिझेल पाण्यात विरघळत नाहीत. टाकी किंवा ड्रम यांचे वेल्डिंग त्या कामाची पूर्ण माहिती आणि साधने असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. नाहीतर सरळ नवी टाकी बसवावी.

सुटे भाग पेट्रोलने धुण्याची आणि काम संपल्यावर पेट्रोलनेच हात धुण्याची सवय सोडावी. हातांची कातडी फुटते ते वेगळेच; पण पेट्रोलने ओल्या हातांनी काडी ओढली तर काय होईल ते सांगायला नको. तोंडाने नळीतून पेट्रोल ओढणेही वाईट. थोडेसे पेट्रोल जरी श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर सूज येते. पेट्रोल पोटात गेले असल्यास उलटी करवू नये, तडक रुग्णालय गाठावे.

तापलेला रेडिएटर

घाट चढून गाडी तापली की चालक बोनेट उघडतो आणि झाकणाला हात घालतो. हे झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरताच दाब सुटतो आणि उकळते पाणी वाफेसह उसळून चेहरा, डोळे, छाती भाजून काढते. इंजिन बंद करून निदान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला गार लागली की जाड फडके ठेवून, तोंड बाजूला करून, झाकण आधी थोडेसेच सैल करावे.

शांत बॅटरी आणि चाक

चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. ठिणगीने बॅटरी फुटली की आतले गंधकाम्ल थेट डोळ्यांत उडते. म्हणून चार्जिंगची जागा मोकळ्या हवेत असावी आणि तिथे विडी-काडी नको. बॅटरी काढताना गाडीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण टोकाची वायर आधी सोडावी, बसविताना ती शेवटी जोडावी. काम करताना अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवावे. पाना आणि अंगठी मिळून सर्किट पुरे झाले, तर अंगठी क्षणात लाल होते आणि बोट हाडापर्यंत भाजते.

ट्रकच्या चाकाची रिम टायर चढवलेला असताना वेल्डिंग करणे हाही जिवाशी खेळ आहे. उष्णतेने आतील रबराचा ज्वलनशील वायू बनतो. हवा सोडलेली असली तरी अशा चाकाचा स्फोट होऊ शकतो. टायर पूर्ण उतरवूनच रिमला हात लावावा.

आता विजेवर चालणाऱ्या दुचाकीही आल्या आहेत. २०२२ साली देशात अशा काही गाड्यांना आगी लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. त्यांची लिथियम बॅटरी फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली असेल, तर ती गॅरेजमध्ये उघडू नये. आग विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनीही ती पुन्हा पेटते.

पहिली वीस मिनिटे

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच गॅरेजमधले दोघे आले होते, मालक आणि त्याच्या हाताखालचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. पार्ट धुण्याच्या पेट्रोलने भडका घेतला होता आणि दोघांचेही हात भाजले होते. मुलगा शेजारच्या हॉटेलच्या नळाखाली हात धरून बराच वेळ उभा राहिला. मालकाने टूथपेस्ट लावली, त्यावर कोणीतरी शाई ओतली. मुलाचे हात तीन आठवड्यांत बरे झाले. मालकाच्या हाताला मात्र पू झाला, पुढे त्वचारोपण करावे लागले आणि आजही त्याची उजवी मूठ पुरती मिटत नाही. ज्याचे पोट पान्यावर चालते, त्याच्यासाठी याचा अर्थ काय ते आपण जाणताच.

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये. जमिनीवर आडवे पडून लोळावे; इतरांनी घोंगडी किंवा जाड सतरंजी टाकून जाळ दाबावा.

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी वाहते ठेवावे. उशीर झाला तरी पहिल्या तीन तासांत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये. लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवावे.

सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ काढावे. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, माती यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने जखम सैल झाकावी.

डोळ्यांत ॲसिड गेल्यास पापण्या उघड्या धरून निदान वीस ते तीस मिनिटे पाण्याने धुवावे आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे एक टक्का भाग. मोठ्या माणसाचा असा दहा तळहातांहून आणि मुलाचा पाच तळहातांहून अधिक भाग भाजला असेल, तर रुग्णालयातच न्यावे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकात काजळी दिसत असेल, तर भाग लहान असला तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजण्याच्या उपचारांचा समावेश आहे, तेव्हा योजनेतील रुग्णालयाची चौकशी करावी.

गॅरेजमालकांना एवढीच विनंती, की वाळूच्या दोन बादल्या, पावडरचे अग्निशामक यंत्र, एक घोंगडी आणि चालू स्थितीतला पाण्याचा नळ यांची सोय करावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये, ते तरंगत जाऊन आग पसरवते. आगीला वाळू आणि माणसाला पाणी, हा हिशेब पक्का ठेवावा. यंत्र कसे चालवायचे, हे हाताखालच्या मुलालाही दाखवून ठेवावे. अपघाताच्या वेळी बहुधा तोच सर्वांत जवळ असतो. हे कात्रण कापून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवले, तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.