वॉर्निश नको, आधी डिजिटल प्रत

प्रश्न : जयपूरच्या सार्वजनिक वाचनालयाला वसलीवरचे (एकावर एक चिकटवलेल्या कागदांच्या जाड पुठ्ठ्यावरचे) लघुचित्र भेट द्यायचे आहे. वॉर्निश करून, काच लावून द्यावे का? स्कॅन कधी करावे?

उत्तर : वॉर्निश अजिबात करू नका. लघुचित्रातले खनिज रंग डिंकात कालवलेले असतात. वॉर्निश त्यांत मुरते, रंग काळपटतात आणि वॉर्निश पुन्हा काढता येत नाही. मागून अकीकाने केलेली घोटाई हेच या चित्राचे खरे फिनिशिंग. ही चित्रे मुळात भिंतीसाठी नव्हतीच. ती बस्त्यात, पोथीत, अंधारात राहिली, म्हणून टिकली. अकबराच्या काळातला, १५८० च्या दशकात चितारलेला, जयपूरच्या राजसंग्रहातला रज्मनामाही (महाभारताचा फारसी अनुवाद) ग्रंथरूपातच राहिला. म्हणून फ्रेमच्या आधी डिजिटल प्रत करा. स्कॅनरची काच रंगथरावर दाबली जाते आणि सोन्याचे काम मळकट उमटते. त्यापेक्षा कॅमेरा वर बांधून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून, शेजारी रंगपट्टी ठेवून टिफ फाइल घ्यावी.

‘मग वाचकांनी नक्कलच पाहायची का?’ हा आक्षेप रास्त आहे. मूळ चित्र वर्षातून काही आठवडे, ५० लक्सच्या आतल्या प्रकाशात जरूर लावा. एरवी छापील प्रत. फ्रेममध्ये आम्लरहित माउंट हवा आणि काच चित्राला टेकता कामा नये, कारण जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळी दमट हवा आली की वसली फुगते.