खणखणीत माती

नांदगावच्या तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो. त्या बाजूस मडके विकत घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. नीट भाजलेले मडके खणखणीत वाजते. चीर गेलेल्याचा आवाज बद्द येतो. भ्रमणध्वनीच्या काही मनोऱ्यांत बसविलेली भाजलेली वडीही अशीच नादते. मात्र तिला वाजवितात ते अदृश्य सूक्ष्मतरंग.

मनोऱ्याभोवती निरनिराळ्या कंप्रतांचे तरंग एकाच वेळी धावत असतात. त्यांतून आपले तेवढे निवडून घेणे हे या वडीचे काम होय. वादळी रात्री किनाऱ्याजवळच्या होडीतून कोणी मदतीसाठी हाक मारली आणि ती इतर तरंगांच्या गलक्यात हरवली, तर मारलेली हाक न मारल्यासारखीच!

ही वडी आपल्यातून वीज वाहू देत नाही. अशा पदार्थांस विद्युत् अपारक म्हणतात. परंतु तरंग तीत शिरला, की त्याचा वेग मंदावतो व लांबी आखडते. १८०० मेगाहर्ट्झ कंप्रतेचा तरंग हवेत सुमारे १७ सेंटीमीटर लांब असतो. वडीत तो जेमतेम अडीच सेंटीमीटर उरतो. म्हणूनच एवढ्याशा वडीतही तो घुमू शकतो.

खरी अडचण उन्हाची. हवा बदलली की तंबोऱ्याची तार उतरते, तशी तापलेल्या वडीची कंप्रताही जागा सोडते, आणि मग नको ते तरंग आत शिरतात. कॅल्शियम टायटेनेट तापले, की त्याचा स्वर चढतो. निओडिमियम ॲल्युमिनेट तापले, की उतरतो. शास्त्रज्ञांनी पहिल्याचे सुमारे सात व दुसऱ्याचे तीन भाग एकत्र केले. चढ उतारात जिरला!

यांतील निओडिमियम ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ कार्ल आउअर यांनी १८८५ साली वेगळे केले. त्याच्या गटास ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात. पण नाव फसवे आहे, कारण पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा अधिक आहे. त्याच्या भावंडांपासून ते निराळे करणेच कठीण. केरळच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइट वाळूत ते सापडते. टायटेनियम असलेले इल्मेनाइट तर कोकणातल्याच काळ्या वाळूत आहे.

हे मिश्रण दाबून सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजतात. मग वडीत तरंग किती वेळ घुमतो, ते मोजतात. आत बारीक छिद्रे राहिली असतील, तर नाद लवकर विरतो आणि ती वडी बाजूला टाकली जाते.