गरुडाचं घरटं आणि मुलांचे प्रश्न

पालकहो, तुमच्या वाडीत किंवा शेजारच्या आगरात समुद्री गरुडाच्या जोडीने घरटं केलं असेल, तर ते मुलांना जरूर दाखवा. फक्त दाखवून झालं की आपण गप्प राहायचं. तेच आपल्याला जमत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे पक्षी उंच आंब्यावर, सुरूवर घर करतात. डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, पंख पसरले की जवळपास दोन मीटर. पाऊस सरला की काटक्यांची ने-आण सुरू होते. जुन्याच घरट्याची दरवर्षी डागडुजी होते, त्यामुळे ते वाढतच जातं. या दिवसांत ती जोडी फार बिचकते. झाडाखाली वर्दळ वाढली तर अंडीसुद्धा टाकून जाते. तेव्हा मुलांना झाडाखाली नेऊ नका. पडवीतून दुर्बिणीने दिसेल तेवढं पुरे. ड्रोन नको, आणि मोबाईलवर घरट्याचा ठावठिकाणा टाकणं तर मुळीच नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं या पक्ष्याला संरक्षण आहे, हे मुलांच्या कानावर असू द्या.

अंडी उबवायला सुमारे सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात बघण्यासारखं काहीच घडत नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू द्या! आमची लेक अशीच जांभया देत बसली होती आणि एकदम म्हणाली, "आई, आत्ता बसलाय तो लहान आहे. मघाची मोठी होती." मादी नरापेक्षा मोठी असते आणि दोघं आळीपाळीने बसतात, हे मी तिला आधी सांगितलं असतं, तर तिच्या वाट्याचा तो शोध मीच हिरावून घेतला असता.

पिल्लं आली की बघायची खरी मजा. नखांत मासा धरून पक्षी उतरतो, पायाखाली तो दाबून धरतो, चोचीने इवलीशी पट्टी सोलतो आणि मान तिरकी करून हलकेच पिल्लाच्या चोचीत देतो. एवढी बाकदार, धारदार चोच, पण पिल्लाला ओरखडाही उठत नाही. लेक श्वास रोखून बघायची.

अंडी बहुधा दोन असतात, पण अनेकदा एकच पिल्लू जगतं. आमच्या समोरही तसंच झालं. धाकटं मागे पडत गेलं आणि मग दिसेनासं झालं. "आईने त्याला का नाही भरवलं?" या प्रश्नाला "उडून गेलं गं" असं उत्तर अगदी ओठांवर येतं. कृपा करून ते देऊ नका. मी तिला सांगितलं, मासे कमी पडले की आधी तोंड पुढे करणारं, थोरलं पिल्लू खातं. आईचा त्यात दुष्टपणा नाही. ती रडली, जेवली नाही. मी तिची समजूत घालत बसले नाही, नुसती जवळ बसले. दुसऱ्या दिवशी दुर्बीण तिने स्वतःच मागितली. मुलांना खरं पेलतं, हा विश्वास मला तेव्हा आला.

उडायला लागलेलं पिल्लू तपकिरी असतं. आईबापांसारखं पांढरं व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात. उडायला शिकताना एखादं खाली पडलं, तर उचलून घरी आणू नका, दूध-पाणी पाजू नका. मुलांना लांब उभं करा, कुत्र्यांना हाकला आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. तो फोन मुलांनाच लावू द्या.