कडी कोणी लावायची?

मुलांच्या हट्टापायी परसदारी चार कोंबड्या आणायचं ठरवलं असेल, तर पिल्लांआधी खुराडं बांधा. आम्ही उलट केलं. पिल्लं आली, मग घाईघाईत खुराडं उभं राहिलं आणि कडी लावायचं काम सात वर्षांच्या लेकीकडे दिलं. एका सकाळी दोन तलंगा मेलेल्या दिसल्या. कडी लावलेलीच होती. मुंगूस जाळीखालची माती उकरून आत शिरलं होतं. तरी लेक दोन दिवस धड जेवली नाही, ‘मीच नीट लावली नसेन’ म्हणत राहिली. चूक आमची होती आणि तिचं ओझं तिच्यावर पडलं. म्हणून हे सांगतेय.

षटकोनी भोकांची कोंबडजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. ती फूटभर जमिनीत पुरा, नाहीतर बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट पसरून वर चिरे ठेवा. आमच्या कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा ती बाजू बंद हवी. छपराखाली मात्र वारा खेळायला जाळीची फट ठेवाच, नाहीतर विष्ठेच्या वासाने कोंबड्यांची छाती धरते. चौघींना चार फूट लांब-रुंद खुराडं पुरतं. दिवसा पाय मोकळे करायला कुंपणातली जागा वेगळी. जमिनीवर भाताचं तूस.

बसायचा दांडा अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच लावा. कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते. खोकं उंच असलं तर त्यातच बसून घाण करते. फूटभर लांब, रुंद, उंच असं एक खोकं चौघींना पुरेल. त्याचं झाकण बाहेरून उघडणारं आणि मुलांच्या छातीइतक्या उंचीवर ठेवा. ऊबदार अंडं स्वतःच्या हाताने काढताना मुलाचा चेहरा बघाच. नंतर साबणाने हात धुवायचे, पिल्लांचे पापे घ्यायचे नाहीत. साल्मोनेला हा जंतू लहानग्यांना फार त्रास देतो.

आणखी एक. कोंबडी म्हातारी झाल्यावर तिचं काय करायचं, हे मुलांनी तिचं नाव ठेवण्याआधी घरात बोलून घ्या. आम्ही टाळलं, आणि तो प्रश्न जेवणाच्या ताटावर आला.

लेक आजही तिन्हीसांजेला कोंबड्या मोजते आणि कडी लावते. ती झोपल्यावर मी बॅटरी घेऊन जाते, कडी पाहते, जाळीच्या कडेने माती पाहते.